परत आला तर?

आमच्या घरात मरणाबद्दल अगदी मोकळेपणाने बोलतात. लश्करातल्या बहुतेक जुन्या मराठी घरांत तसंच असावं. लश्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला तो पडलाच. त्यामुळे पानिपताचा विषय निघायला आमच्याकडे संक्रांत यावी लागत नाही. बाबांना ताटातलं वरण जरा गार लागलं तरी त्यावरून ते उपाशी लढलेल्या फौजेवर येतात, आणि तिथून मागे बुराडी घाटावर. जानेवारी १७६०, यमुनेचं पात्र, जखमी दत्ताजी शिंदे आणि ‘बचेंगे तो और भी लडेंगे’. घरातल्या प्रत्येक मुलाने हे वाक्य कमरेला फूटपट्टी खोचून पाहुण्यांसमोर म्हणून दाखवलं आहे. मीसुद्धा. मुलींना त्यात सूट नव्हती, एवढं बाबांचं कौतुक करायला हवं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, रात्रीच्या जेवणात सांगून टाकलं की त्याला सैन्यात जायचं आहे. एनडीएचा, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा फॉर्म भरणार, आणि ते नाहीच जमलं तर अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी जवान.

वहिनी उठून पोळ्या आणायला आत गेली. पोळ्या टेबलावरच होत्या. दादाने विचारलं, “म्हणजे जेईई देणार नाहीस?” बाबा, ज्यांनी तीन पिढ्यांच्या कमरेला फूटपट्ट्या खोचल्या, ते आमटी भुरकत राहिले.

आमच्या दिवाणखान्यात एक तलवार आहे. महादजींच्या फौजेतली, असं बाबा सांगतात. काकांच्या मते ती पणजोबांनी ग्वाल्हेरच्या मेळ्यात विकत घेतली, आणि मेळा काही १९०५च्या आधीचा नाही. पणजोबा संस्थानच्या लष्करी खात्यात होते हे खरं, पण हजेरीपटावर. कोण आला, कोण आला नाही, कोणाचा घोडा मेला, कोणाचा पगार कापायचा. लढायांना आमचं घराणं हजर होतं ते असं. खंडेनवमीला तलवारीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहतात, आणि शेजारी ठेवलेल्या पणजोबांच्या दौतीलाही. त्यानंतरच्या पिढ्या बँकेत, वीज मंडळात, शाळेत. गणवेश घातला तो एनसीसीचा, तोही ‘सी’ सर्टिफिकेटचे गुण मिळतात म्हणून.

मी गणित शिकवते, घरीच, पुढच्या खोलीत. सकाळच्या बॅचला लश्करातली, बाड्याच्या, म्हणजे इथल्या मुख्य चौकाच्या, आसपासची मुलं असतात. त्यांचं जेईई, एनडीए असं काहीबाही चालू असतं. संध्याकाळची बॅच वेगळी. अग्निवीर भरतीच्या तयारीला आलेली भिंड, मुरैना, दतियाकडची पोरं. गोला का मंदिर, पिंटो पार्क, भिंड रोड या पट्ट्यात एका खोलीत चार-चार जण राहतात. त्या भागात प्रत्येक दुसऱ्या दुकानावर डिफेन्स अकादमीची पाटी आहे, पाटीवर लढाऊ विमान आणि पिळदार मिशांचा माणूस. पोरं अंधारात उठून धावतात, दिवसभर अकादमी, आणि संध्याकाळी शहर ओलांडून माझ्याकडे, कारण मी फी कमी घेते आणि मागे लागत नाही.

काळ-वेगाची गणितं शिकवायला याहून चांगला वर्ग मिळायचा नाही. सोळाशे मीटर, पाच मिनिटं तीस सेकंद. ताशी किती? शहरातली मुलं वही उघडतात. ही पोरं हसतात. त्यांना ते पोटऱ्यांत ठाऊक असतं. (साडेसतरा किलोमीटरला किंचित कमी, कोणाला हवं असेल तर.) एवढ्या वेळात धावलं तर शंभरपैकी साठ गुण, दहा ‘बीम’ मारले, म्हणजे पुलअप्स, की उरलेले चाळीस. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि वाकड्यातिकड्या पट्टीवरून तोल सांभाळून चालायचं, याला गुण नाहीत, पण ते न जमलं तर बाहेर. २०२३पासून आधी संगणकावरची परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला, म्हणून तर ती माझ्याकडे येतात. आधी मैदान असताना गणिताची मास्तरीण त्यांना कशाला लागत होती?

“आत्या, तू तरी सांग यांना,” असं म्हणत भाचा माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. उद्यापासून संध्याकाळच्या बॅचला बस, एवढंच म्हणाले.

त्याला हे का करायचं होतं? विचारलं मी. त्याने ७ मे २०२५ची संध्याकाळ सांगितली. देशभर मॉक ड्रिल होतं, त्यात ग्वाल्हेरही होतं. भोंगे वाजले, दिवे गेले, आणि आमच्या गच्चीवरून किल्ला दिसेनासा झाला. ग्वाल्हेरच्या माणसाला विमानांच्या आवाजाचं काही वाटत नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज उडतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, आम्ही वाक्य अर्ध्यात थांबवतो आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलतो. फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटवर गेलेली मिराज इथूनच उडाली होती असं दुसऱ्या दिवशी वाचलं, तेव्हा बाड्यावर मिठाई वाटणाऱ्यांनाही झोपेत काही कळलं नव्हतं. पण त्या मेच्या संध्याकाळी त्याला वाटलं की आपण खाली बसलेलो आहोत आणि दुसरं कोणीतरी वर आहे. मला हे कारण आवडलं. सतराव्या वर्षी यापेक्षा जास्त खरं कारण कोणाकडे असतं? मी गणित घेतलं ते समोरच्या बाकावरची मुलगी घेणार होती म्हणून.

वहिनीकडे तिचं उत्तर तयार होतं. २८ जानेवारी २०२३. त्या दिवशी सकाळी सरावासाठी ग्वाल्हेरहून उडालेलं सुखोई आणि मिराज दोन्ही कोसळली. सुखोईतले दोघे बाहेर पडून वाचले, मिराजचा वैमानिक गेला. “युद्ध होतं का काही?” वहिनी म्हणायची. “शनिवार होता साधा.” यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि असूही नये.

दादाचा मुद्दा दुसरा. डोकं चांगलं आहे, टक्के चांगले आहेत, ते तिकडे कशाला घालवायचे. पुण्याच्या मावशीचा फोन आला, तिने छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचं नाव सुचवलं. महाराष्ट्र सरकार १९७७पासून ती चालवतं आणि मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेतं. प्रवेशाला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आम्ही मराठी आहोत हे पानिपतापासून सिद्ध करता येईल, अधिवास मात्र मध्य प्रदेशचा. मावशीला हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. आणि मग एके दिवशी बाबाही बोलले: “जाऊ दे त्याला. नाव काढेल.” नाव कसं काढेल हे त्यांनी सांगितलं नाही, पण भिंतीवरच्या तलवारीकडे पाहिलं. वहिनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही.

हे सगळं ऐकता ऐकता माझ्या लक्षात यायला लागलं की बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. गेला तर काय. त्याचं काही झालं तर काय. वहिनीला त्याची धास्ती आणि बाबांना त्याचा आधीच अभिमान. परत आला तर काय, हे कोणीच काढत नव्हतं. आणि परत तर जवळजवळ सगळेच येतात. कोणी पहिल्याच दिवशी, कोणी चार वर्षांनी, कोणी चाळिशीला टेकल्यावर. त्या परत येण्याची आमच्या घरात काहीच तयारी नव्हती.

संध्याकाळच्या बॅचला ती होती. तिथे दुसरा विषयच नसतो.

१४ जून २०२२ला अग्निपथ योजना जाहीर झाली, आणि दोन दिवसांत इथल्या बिर्लानगर स्टेशनवर तोडफोड झाली. टीव्हीवर जे दिसलं त्याला मी चांगलं म्हणणार नाही. पण त्यातल्या पोरांची वयं मला माहीत होती. कोरोनाच्या नावाखाली दोन वर्षं भरती बंद होती, त्या दोन वर्षांत ती धावतच होती, आणि भरती उघडली ती अशी. तेव्हा साडेसतरा ते एकवीस हे वय (त्या वर्षापुरतं तेवीसपर्यंत वाढवलं), नोकरी चार वर्षांची, त्यानंतर फार तर पंचवीस टक्के कायम, बाकीचे घरी. पगारातले तीस टक्के सेवानिधीत जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. मी फळ्यावर एकदा हिशोब करून घेतला. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, मग ३६,५००, मग ४०,०००. तीस टक्के काढा, बाराने गुणा, चारही वर्षांची बेरीज: ५ लाख २ हजार. दुप्पट करा, व्याज धरा, शेवटी हातात ११ लाख ७१ हजार, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा. हे सगळे आकडे पोरांना माझ्या आधी पाठ होते. मी फक्त बेरीज तपासली.

या बॅचमधला भिंडकडचा एक मुलगा भाच्याचा दोस्त झाला. त्याचे चाचा फौजी. सतरा वर्षं नोकरी, मग पेन्शन, गावात पक्कं घर, परवान्याची बाराबोअर बंदूक, आणि आता ग्वाल्हेरमध्ये एका बँकेच्या दारात गार्ड. मला ती स्टुलावर बसलेली माणसं नेहमी दिसतात. पासबुक भरून घ्यायला गेलं की “आइए मैडम” म्हणून दार उघडतात. त्यांच्या गुडघ्यांनी कुठली थंडी सोसली आहे हे आपण विचारत नाही. तर हे परत येणं भिंडकडच्या गावांना ठाऊक आहे. त्याला तिथे मान आहे, त्यावर लग्नं जमतात, जमिनीचे वाद मिटतात, किंवा उकरून काढता येतात. बावीस-तेवीसच्या वयात परत येणं मात्र नवीन आहे. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, तिची चार वर्षं आता भरत आली. केंद्रीय पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये दहा टक्के जागा राखून ठेवण्याचं तेव्हाच जाहीर झालं होतं. त्यातल्या सीमा सुरक्षा दलाची अकादमी तर इथे टेकनपूरलाच आहे. म्हणजे दार आहे. पण त्या मुलाची काळजी दाराची नव्हती. एकदा पाऊस थांबायची वाट बघत ओसरीत उभा असताना तो म्हणाला, “मैडम, गाँव में कोई पूछता नहीं कि क्यों लौटे. अपने आप समझ लेते हैं.”

पंचवीस टक्क्यांत न बसणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे त्याला मी आकड्यांनी समजावू शकते. चौघांतले तिघे परत येणार हे योजनेतच लिहिलेलं आहे, त्यात त्या तिघांचा काय दोष? गावाला हे कोण समजावणार?

आणि खरं सांगायचं तर ग्वाल्हेरला हे समजायला अडचण पडू नये. आमचं लश्कर परत आलेल्या माणसाच्या वारसानेच वसवलंय. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावरून पळताना महादजी शिंदे तिशीचे होते. पाठलागात पायावर घाव बसला, तिथेच पडले. राणे खान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पाणी वाहणाऱ्याने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणलं. पाय कायमचा गेला. घरचे कर्ते लोक संपलेले, दत्ताजी आधीच्या वर्षी, जनकोजी पानिपतात. आणि शिंद्यांची सरदारकी आपल्याकडे यावी म्हणून या लंगड्या माणसाला पुढची काही वर्षं पुण्यात खेटे घालावे लागले. दहा वर्षांनी, १७७१मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाह आलमला तख्तावर बसवलं, त्यात महादजी होते. राणे खानला ते भाऊ म्हणत आणि तो पुढे त्यांच्या फौजेत सरदार झाला. ही गोष्ट लश्करात सगळ्यांना माहीत आहे. मी बाबांना विचारलं, तुम्ही आम्हाला कायम दत्ताजीच का करायला लावलात, महादजी का नाही?

बाबांनी बराच विचार केला. “त्यात म्हणून दाखवण्यासारखं वाक्य नाही,” म्हणाले.

एनडीएचा रस्ता वेगळा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, वर्षातून दोनदा परीक्षा, गणित तीनशे गुणांचं, एकशेवीस प्रश्न अडीच तासांत, चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. हे माझं खातं, यात मी त्याला तयार करू शकते. लेखी नऊशेची, आणि त्यानंतरची एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखतही नऊशेची. त्यातल्या पुष्कळ मुलाखती भोपाळला होतात, म्हणजे शताब्दीने गेलं तर दुपारपर्यंत पोचता येतं. पाच दिवस. छातीवर नंबर लावतात आणि तिथून नाव संपतं. पहिल्या दिवशी चाळणी, त्यातच अर्धी गर्दी संध्याकाळच्या गाडीने माघारी. उरलेल्यांना पडद्यावर धूसर चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, मग साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहा. मैदानावर फळ्या, पिंपं, दोऱ्या घेऊन गटाने खड्डे ओलांडायचे. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. पाचही दिवस काढून ज्याचा नंबर पुकारला जात नाही त्याला ‘कॉन्फरन्स आउट’ म्हणतात.

माझ्या सकाळच्या बॅचमधला एक मुलगा असा आला होता परत. हुशार, बोलका, चांगल्या घरातला. परत आल्यावर बरेच दिवस तो एकच विचारायचा, “माझ्यात काय कमी होतं?” ते तिथे सांगत नाहीत. न सांगण्यामागे त्यांची कारणं असतील. पण नुकत्याच अठरा झालेल्या मुलाला पाच दिवस आतून-बाहेरून तपासायचं आणि मग ‘तू नाहीस’ एवढंच सांगून रेल्वेचं भाडं हातावर ठेवायचं, यानंतर घरच्यांचं काम सुरू होतं. त्याच्या घरचे म्हणाले, “जाऊ दे, आपल्याला कुठे पाठवायचंच होतं.” त्यांना वाटलं हा दिलासा आहे.

आणि आत गेल्यावरही परत यावं लागतं. प्रशिक्षणात पाठीचा मणका मोडतो, डोक्याला मार बसतो, आणि मुलाला वैद्यकीय कारणाने बाहेर काढतात. तो अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून माजी सैनिक धरला जात नाही. १९८५पासून अशी पाचशेच्या आसपास मुलं सैनिकी प्रशिक्षण संस्थांतून घरी आली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घ्यायचं ठरलं. इतकी वर्षं त्यांच्या आया त्यांना कुशीवर वळवत होत्या. मी ही बातमी दादाला वाचायला दिली. वहिनीला द्यायचं धाडस झालं नाही; तिने ती आधीच वाचलेली होती.

एवढं सगळं समोर ठेवल्यावर कोणी म्हणेल, हिला पोराला घाबरवायचंय. तसं नाही. मला तो गेला तर आवडेल. शिस्तीने उठणारी, वेळ पाळणारी, दुसऱ्याचं ओझं उचलणारी माणसं आमच्या घरात फार झालेली नाहीत. मला फक्त ‘देशासाठी’ या एका उत्तराची भीती वाटते. उत्तर खोटं असतं म्हणून नाही. ते दिलं की पुढचे सगळे प्रश्न विचारणं अपमानास्पद ठरतं म्हणून. रीळ बघून, मंद गतीत चालणाऱ्या कमांडोंच्या मागे ढोल ऐकून जाणारी मुलं मी पाहिली आहेत. ती पहिल्या दोन महिन्यांत धावायचं सोडतात. भिंडचा मुलगा रीळ बघत नाही. त्याच्या फोनचा डेटा दुपारीच संपतो.

दोघांना शेजारी बसलेलं पाहून मला एक गोष्ट बोचायची. भाच्याला नाही म्हणता येतं. एनडीए नाही तर पदवीनंतर सीडीएस, म्हणजे अधिकारी व्हायची दुसरी परीक्षा, तीही वर्षातून दोनदा. बारावीनंतरचा टेक्निकल एन्ट्रीचा एक रस्ता आहे, त्याला जेईई मेन दिलेली असावी लागते. (हे कळलं तेव्हा दादाचं सैन्याबद्दलचं मत बरंच सुधारलं.) यातलं काहीच नाही झालं तरी बीई होईल, बापाचं घर आहे. त्याच्यासमोर निर्णय आहे. दुसऱ्यासमोर जन्मतारीख आहे. वयाची मर्यादा ओलांडण्याआधी जेवढ्या भरत्या येतील तेवढ्या, आणि मग काही नाही. त्याला ‘तू नक्की विचार केला आहेस का’ असं विचारणं मला जमलं नाही. भाच्याला मात्र मी ते पुन्हा पुन्हा विचारलं.

एकदा मी दोघांची एक परीक्षा घेतली, त्यांना न सांगता. जुन्या वह्यांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, सगळ्या पानांना हाताने क्रमांक घाला, मग वह्या तारखेप्रमाणे लावा. काम पूर्ण निरुपयोगी होतं. सैन्यात असं काम भरपूर असतं असं चाचांकडूनच ऐकलं होतं. पितळ घासायचं, दगडांना चुना मारायचा. भिंडच्या मुलाने बसल्या बसल्या केलं. भाच्याने आधी विचारलं कशाला, मग विचारलं संगणकावर नाही का चालणार, मग केलं, आणि तारखांऐवजी विषयाप्रमाणे लावलं कारण ते जास्त सोयीचं. ती मांडणी खरोखरच जास्त सोयीची होती. मला हसू आलं, आणि लगेच मनात आलं की एकाला जवान आणि दुसऱ्याला अधिकारी करणारी दोन दारं वेगळी आहेत ती याच्यासाठी की काय. हा विचार मला आवडला नाही. कारण तारखेप्रमाणे लावणं गैरसोयीचं आहे हे भिंडच्या मुलालाही दिसलं होतं. नंतर विचारल्यावर त्याने सांगितलं. सांगायची त्याला सवय नव्हती, एवढंच.

दिवाळीच्या आसपास भाच्याने येऊन सांगितलं की अग्निवीरचा फॉर्म तो भरणार नाही. “ती त्यांची एकच जागा आहे आत्या, आणि माझी ती तिसरी-चौथी.” त्याच्या न भरण्याने भिंडच्या मुलाला जागा मिळेलच असं काही नाही, हे गणित त्याला कळत होतं. मीही ते करून दाखवलं नाही. एनडीएचा फॉर्म भरला. जेईईही देणार. भोपाळहून परत पाठवलं तर पुन्हा बसेन, आणि साडेएकोणीस झाल्यावर सीडीएसपर्यंत थांबेन, असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं, आणि दादाने पहिल्यांदा त्याला मधे तोडलं नाही. भिंडच्या मुलाची परीक्षाही जवळ आलीय. शेकडेवारी पक्की झाली, नफा-तोट्यात अजून घसरतो.

त्या रात्री जेवताना बाबांनी पुन्हा दत्ताजी काढला, पण अर्ध्यातच वहिनी बोलली. पोराकडे न बघता, भात वाढता वाढता.

“तू गेलास तर वरच्या खोलीचं काय करायचं? तशीच ठेवू?”

“भाड्याने दे ना. पिंटो पार्कला खोल्या फार महाग झाल्यात म्हणतात पोरं.”

“देईन,” वहिनी म्हणाली. “पण करार अकरा महिन्यांचाच करणार.”